पॉवर सप्लायमधला रेक्टिफायर टिकावा यासाठी

शंभर वॅटचा एचएफ ट्रान्सीव्हर (लघुलहरींवर बोलायचे-ऐकायचे रेडिओयंत्र) पूर्ण शक्तीने प्रसारण करू लागला की १३.८ व्होल्टवर साधारण २० ते २२ अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह देणारा लिनिअर पॉवर सप्लाय घरी बांधणारे हौशी रेडिओचालक ट्रान्सफॉर्मर निवडण्यात आठवडा घालवतात आणि रेग्युलेटरच्या जोडणीवर रात्री जागवतात. एसीचा डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज रेक्टिफायर मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत खरेदी संपता संपता, यादीतली शेवटची वस्तू म्हणून उचलला जातो. त्याच्या अंगावर ३५ अँपिअर, १००० व्होल्ट असे आकडे असतात. आपली गरज २० अँपिअर आणि पंचवीसेक व्होल्टची असते, तेव्हा काळजीचे कारण नाही, असा हिशेब मनात होतो. माझ्या पहिल्या सप्लायमध्ये याच हिशेबावर बसवलेले तीन ब्रिज एका उन्हाळ्यात गेले. तिसरा काढताना त्याच्याखालचा पत्रा नीट पाहिला, तेव्हा लक्षात आले की मी त्यांना रंग दिलेल्या लोखंडी तळावर, मध्ये उष्णता वाहून नेणारे कंपाउंड न लावता, नुसत्या स्क्रूने आवळत होतो.

अंगावर छापलेला प्रवाहाचा आकडा एका अटीसह दिलेला असतो आणि ती अट डेटाशीटमध्ये असते. केबीपीसी ३५१० या नेहमीच्या चौकोनी ब्रिजसाठी ३५ अँपिअर हा आकडा आवरणाचे तापमान ५५ अंश सेल्सिअस असताना लागू होतो. त्यापुढे तापमान वाढत गेले की परवानगीचा प्रवाह उतरत जातो आणि १५० अंशांना शून्यावर येतो. म्हणून रेक्टिफायर निवडताना सुरुवात अँपिअरपासून न करता उष्णतेपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

उष्णतेचा हिशेब

ब्रिजमध्ये प्रवाहाच्या वाटेवर प्रत्येक वेळी दोन डायोड येतात. पुढे मोठा फिल्टर कपॅसिटर असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर सलग प्रवाह देत नाही. साइन लहरीच्या शिखराजवळच्या थोड्या वेळातच कपॅसिटर भरून घेतला जातो, म्हणून सरासरी २० अँपिअरसाठी डायोडमधून जाणारी शिखरे त्याच्या कित्येक पट उंच असतात. त्या शिखरांवर एका डायोडवरचा व्होल्टेज १.१ ते १.२ च्या घरात जातो. म्हणजे दोन डायोड मिळून सव्वादोन व्होल्ट आणि २० अँपिअरला सुमारे ४५ वॅट उष्णता एका लहानशा आवरणात तयार होते. सोल्डरिंगच्या मध्यम इस्त्रीइतकी ही उष्णता आहे. (याच शिखरांमुळे ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतला, म्हणजे रेक्टिफायरकडच्या गुंडाळीतला, आरएमएस प्रवाह डीसी प्रवाहाच्या १.६ ते १.८ पट होतो. २० अँपिअर डीसीसाठी सेकंडरी ३२ ते ३६ अँपिअरची लागते, हे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेताना सांगायला विसरू नये.)

अशा ब्रिजच्या आतल्या सिलिकॉनच्या जोडापासून (जंक्शनपासून) आवरणापर्यंतचा औष्णिक रोध साधारण दीड अंश प्रति वॅट असतो. नेमका आकडा आपल्या उत्पादकाच्या डेटाशीटमधून घ्यावा. ४५ वॅटला सिलिकॉनचा जोड आवरणापेक्षा ६७ अंशांनी अधिक तापतो. आवरण आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये कंपाउंड नीट लावले असले तरी आणखी आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. जोड १२५ अंशांच्या खाली ठेवायचा ठरवला, आणि टिकाऊपणासाठी तसाच ठरवावा, तर हीटसिंकला ४९ अंशांच्या वर जाण्याची मुभा उरत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीबाहेरची हवाच ४५ अंशांवर असते आणि बंद पेटीच्या आत ती पन्नाशी गाठते. अशा ठिकाणी एकटा ३५ अँपिअरचा ब्रिज सलग २० अँपिअर सुरक्षितपणे देऊ शकत नाही, हे हिशेबातच दिसते.

एसएसबीवर बोलताना किंवा सीडब्ल्यूवर (मोर्सवर) हा दोष झाकला जातो, कारण तिथे सरासरी प्रवाह बराच कमी असतो. आरटीटीवाय आणि एफटी८ या डिजिटल पद्धतींचे तसे नाही. एफटी८चे एक प्रसारण १२.६४ सेकंद सलग पूर्ण शक्तीने चालते. मोठ्या हीटसिंकच्या दृष्टीने ही सेकंदे थोडी असली, तरी डायोडच्या नखाएवढ्या सिलिकॉनला पूर्ण तापायला ती भरपूर आहेत. मग तेवढाच वेळ ऐकण्यात जातो आणि चक्र पुन्हा सुरू होते. तापणे आणि निवणे यांच्या या फेऱ्यांनी आतला सोल्डर थकतो, म्हणून डिजिटल पद्धती वापरणाऱ्यांनी सप्लायचा हिशेब सलग प्रवाहाचा धरूनच करावा.

यावर सोपा आणि स्वस्त उपाय असा आहे की एकाऐवजी दोन ब्रिज घ्यावेत, पण ते दोन पूर्ण ब्रिज म्हणून समांतर जोडू नयेत. पहिल्या ब्रिजची दोन्ही एसी टोके एकमेकांना जोडून तिथे सेकंडरीची एक तार आणावी आणि दुसऱ्या ब्रिजच्या जोडलेल्या एसी टोकांवर सेकंडरीची दुसरी तार आणावी. नंतर दोन्हींची धन टोके एकत्र करावीत, ऋण टोकेही एकत्र करावीत. अशा मांडणीत समांतर येणारे दोन डायोड नेहमी एकाच आवरणात राहतात. डायोड तापला की त्याच्यावरचा व्होल्टेज उतरतो आणि तो अधिक प्रवाह ओढू लागतो. वेगवेगळ्या तापमानाच्या दोन ब्रिजमध्ये यामुळे विषमता वाढत जाऊ शकते, पण एकाच आवरणातल्या, एकाच तापमानाच्या डायोडांमध्ये वाटणी बरीच समान राहते. आता प्रत्येक आवरणाच्या वाट्याला साडेबावीस वॅट येतात, जोड आवरणापेक्षा ३४ अंशांनीच तापतो आणि हीटसिंकला ८५ अंशांच्या आसपास जायची मोकळीक मिळते. पेटीतली हवा ५० अंश धरली तर ४५ वॅटला ३५ अंशांची वाढ चालते, म्हणजे ०.८ अंश प्रति वॅटचा हीटसिंक पुरतो. तो बाजारात सहज मिळतो. शक्यतो मात्र हीटसिंक ८५ अंशांपर्यंत जाऊ देऊ नये, कारण शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे आयुष्य त्याच हवेवर अवलंबून असते.

बसवण्याची रीत

हीटसिंकचा पृष्ठभाग सपाट, रंगविरहित आणि भोकाच्या कडांना उचललेली धातूची कोर (बर) नसलेला असावा. भोक पाडल्यावर मोठ्या ड्रिलचे टोक हाताने फिरवून कड साफ करावी, नाहीतर ब्रिज त्या कडेवर तोललेला राहतो आणि कितीही कंपाउंड लावले तरी खाली हवेचा थर उरतो. कंपाउंड पातळ थरात लावावे. पृष्ठभागांतल्या सूक्ष्म खाचा भरणे एवढेच त्याचे काम असल्यामुळे जाड थर लावल्यास उष्णतेला उलट अडथळा होतो. या ब्रिजचे आवरण आतल्या डायोडांपासून विलग केलेले असते, त्यामुळे अभ्रकाचा तुकडा घालण्याची गरज नाही. स्प्रिंग वॉशर मात्र घालावा.

टोकांवरच्या जोडण्यांकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो, कारण इतरांनी दुरुस्तीला आणलेल्या सप्लायमध्ये काळे पडलेले टोक मी वारंवार पाहिले आहे. केबीपीसी प्रकाराच्या ब्रिजला ६.३ मिलिमीटर रुंदीची पात्यासारखी टोके असतात आणि त्यांवर सरकवून बसवायची थिंबल बाजारात मिळतात. पातळ पत्र्याचे थिंबल पकडीने दाबून बसवले, तर काही महिन्यांत ते सैल होते, रोध वाढतो आणि तिथली उष्णता टोकावाटे थेट आत सिलिकॉनपर्यंत पोचते. कोकण-गोव्याच्या खारट दमट हवेत हे आणखी लवकर घडते. तेव्हा चांगल्या जाडीचे, कलई केलेले थिंबल योग्य क्रिम्पिंग हत्याराने दाबावे, नंतर तार आणि थिंबल यांच्या सांध्यात थोडा सोल्डर उतरवावा. ज्यांना ब्रिज पुन्हा काढावा लागणार नाही अशी खात्री आहे, त्यांनी तार थेट टोकावर सोल्डर केली तरी उत्तम. मात्र मोठी इस्त्री वापरून काम काही सेकंदांत उरकावे. तार किमान ६ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड असावी. चार टोकांपैकी एक पाते इतर तिघांशी काटकोनात असते. ते धन टोक होय. त्याच्या कर्णासमोरचे ऋण आणि उरलेली दोन एसीची.

स्विच दाबताना

सप्लाय चालू करताना रिकामा कपॅसिटर रेक्टिफायरला क्षणभर शॉर्टसर्किटसारखा भासतो. सहाशे व्हीएच्या, १८ व्होल्टच्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचे रेग्युलेशन ५ टक्के धरले, तर सेकंडरीकडून दिसणारा त्याचा एकूण रोध ०.०३ ओहमपेक्षाही कमी भरतो. शिखर २५ व्होल्टचे असल्याने कागदावर पहिल्या झटक्याचा प्रवाह ८००-९०० अँपिअर येतो. तारांचा रोध आणि ट्रान्सफॉर्मरचे लीकेज इंडक्टन्स यांमुळे प्रत्यक्षात तो कमी असतो, तरीही ३५ अँपिअरच्या ब्रिजची एका अर्धलहरीची मर्यादा ४०० अँपिअर आहे, हे लक्षात घेतले तर सुरक्षिततेचे अंतर फारसे उरत नाही. ‘कपॅसिटर जितका मोठा तितका चांगला’ ही समजूत इथे महागात पडते. १०० हर्ट्झच्या रिपलसाठी (डीसीवर उरलेल्या चढउतारासाठी) प्रवाहाला वारंवारता आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराने भागले की रिपलचा व्होल्टेज मिळतो. २० अँपिअर आणि १,००,००० मायक्रोफॅरडला तो २ व्होल्ट येतो, ४७,००० मायक्रोफॅरडला सव्वाचार व्होल्ट. रिपलच्या तळाशी रेग्युलेटरला पुरेसा व्होल्टेज उरतो की नाही हे तपासावे आणि तेवढ्यावर थांबावे. त्याहून मोठा कपॅसिटर पहिला झटका आणि रोजची शिखरे दोन्ही वाढवतो.

पहिला झटका आवरण्यासाठी प्रायमरीत (मेन्सकडच्या गुंडाळीत) ४७ ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घालावा आणि थोड्या वेळाने रिलेने तो बाजूला काढावा. २३० व्होल्टच्या शिखराला, म्हणजे ३२५ व्होल्टला, हा रेझिस्टर प्रवाह ७ अँपिअरवर रोखतो आणि तो सेकंडरीत १२.८ पट होऊन जेमतेम ९० अँपिअर भरतो. रिलेचे २४ व्होल्टचे कॉइल थेट फिल्टर कपॅसिटरवर जोडावे. कपॅसिटर बऱ्यापैकी भरला की रिले आपोआप ओढला जातो, वेगळे टायमर लागत नाही. बाहेर काही बिघाड असेल आणि कपॅसिटर भरतच नसेल, तर रिले ओढला जात नाही आणि सगळा भार त्या रेझिस्टरवर राहतो, म्हणून त्याला चिकटवून थर्मल फ्यूज बसवणे मी आवश्यक मानतो. प्रसारण यंत्र सप्लाय स्थिरावल्यानंतरच चालू करावे.

अनेकजण याच कामासाठी एनटीसी थर्मिस्टर (तापल्यावर रोध कमी होणारा रेझिस्टर) घालतात. जिथे वीज स्थिर असते तिथे तो पुरेसा आहे. पण आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि काही सेकंदांत परत येते, तेव्हा थर्मिस्टर अजून गरमच, म्हणजे कमी रोधाचा असतो आणि दुसऱ्या झटक्याला तो काहीच अडवत नाही. खेड्यापाड्यांत राहणाऱ्यांनी रिलेचीच पद्धत स्वीकारावी. प्रायमरीत ४ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज असावा आणि तो उडाल्यावर त्याच्या जागी तारेचा तुकडा कधीही गुंडाळू नये.

उलट व्होल्टेज

ब्रिज आणि कपॅसिटर यांच्या जोडीत एक गुण आहे. मेन्सवरून आलेला उंच झटका कपॅसिटरच्या व्होल्टेजच्या वर जाऊ लागला की डायोड आपणहून पुढच्या दिशेने वाहू लागतात आणि झटका कपॅसिटरमध्ये जिरतो. त्यामुळे ब्रिजमधल्या कोणत्याही डायोडवरचा उलट व्होल्टेज कपॅसिटरच्या व्होल्टेजपेक्षा फारसा वर जात नाही. पंचवीस व्होल्टच्या सप्लायमध्ये १००० व्होल्टचा ब्रिज २०० व्होल्टच्या ब्रिजपेक्षा अधिक टिकाऊ ठरत नाही, तो केवळ सहज मिळतो म्हणून घ्यावा.

सेंटर टॅपच्या मांडणीत (सेकंडरीला मधोमध टोक आणि दोनच डायोड) हे संरक्षण नसते आणि प्रत्येक डायोडवर शिखराच्या दुप्पट उलट व्होल्टेज येतो. उष्णता कमी व्हावी म्हणून १८-०-१८ व्होल्टच्या सेकंडरीवर शॉटकी डायोड लावणाऱ्यांची गफलत इथे होते. विचार चांगला आहे, कारण वाटेवर एकच डायोड येतो आणि त्याच्यावरचा व्होल्टेजही कमी असतो, त्यामुळे ४५ वॅटऐवजी पंधरा वॅटच्या आत काम भागते. पण शिखराची दुप्पट ५१ व्होल्ट होते. भार नसताना आणि मेन्स १० टक्के चढलेले असताना ती साठीकडे जाते. कॉम्प्युटरच्या जुन्या सप्लायमधून काढलेले ४५ व्होल्टचे शॉटकी इथे पहिल्याच दिवशी जातात. १०० व्होल्टचेच घ्यावेत, आणि शॉटकीचा उलट दिशेचा गळतीप्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, हे ध्यानात घेऊन हीटसिंकमध्ये कंजुषी करू नये.

प्रायमरीवर एमओव्ही (व्होल्टेजचा उंच झटका शोषणारा व्हॅरिस्टर) जरूर घालावा. २७५ व्होल्टचा एमओव्ही आपल्याकडच्या चढउतारांत लवकर झिजतो, म्हणून ३०० किंवा ३२० व्होल्टचा पसंत करावा. तो नेहमी फ्यूजच्या पुढे, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला असावा, म्हणजे न्यूट्रल तुटून व्होल्टेज खूप चढला तर एमओव्ही शॉर्ट होऊन फ्यूज उडवेल. प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर घातल्यास रिसीव्हरवर विशिष्ट वारंवारतांना ऐकू येणारा हम बहुधा जातो. टिकाऊपणाशी त्याचा फारसा संबंध नसला तरी हे काम स्वस्तात होते.

लिनिअर अँप्लिफायरचा उच्च व्होल्टेज

हौशी रेडिओच्या जनरल ग्रेड परवान्यात एचएफवर ४०० वॅटपर्यंत मुभा असल्याने काहीजण व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बांधतात आणि त्याला दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. पूर्वी इथे ८६६ए हे पाऱ्याच्या वाफेचे व्हॉल्व्ह असत आणि फिलामेंट तापल्याशिवाय त्यांना उच्च व्होल्टेज देता येत नसे. आता डायोडांची माळ वापरतात. २००० व्होल्टच्या सेकंडरीचे शिखर २८२८ व्होल्ट असते. ब्रिजच्या प्रत्येक भुजेला एवढे सोसायचे असल्याने दुप्पट धरून १००० व्होल्टचे सहा, असे एकूण चोवीस १एन ५४०८ घ्यावेत. १एन ४००७ प्रवाहाला पुरत असला तरी त्याची झटका सोसण्याची मर्यादा ३० अँपिअर आहे आणि ५४०८ची २०० अँपिअर. किमतीतला फरक क्षुल्लक असताना लहान डायोड वापरण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

प्रत्येक डायोडला समांतर रेझिस्टर आणि कपॅसिटर लावण्याची जुनी प्रथा डायोडांच्या गुणांत मोठी तफावत असे त्या काळातली आहे. आज एकाच पाकिटातले, एकाच बॅचचे डायोड दुप्पट मर्यादेने लावले तर त्यांची गरज मी मानत नाही. उलट अर्ध्या वॅटचा साधा रेझिस्टर साधारण ३५० व्होल्टच सोसतो. पाचशे व्होल्टवर तो कधीतरी उघडा पडतो, मग वाटणी बिघडते आणि ज्याच्या रक्षणासाठी तो लावला तोच डायोड जातो. लावायचेच असतील तर प्रत्येक डायोडवर दोन रेझिस्टर एकसर लावावेत.

अँप्लिफायरच्या रेक्टिफायरला खरा धोका व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडते तेव्हा असतो. त्या क्षणी कपॅसिटरांचा सगळा साठा बाहेर पडतो आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरचा प्रवाह डायोडांतून धावतो. धन तारेत २५ ओहमच्या आसपासचा, लांब अंगाचा वायरवाउंड रेझिस्टर घातल्यास हा प्रवाह शंभरेक अँपिअरवर रोखला जातो आणि तेवढा क्षण ५४०८ची माळ सहन करते. इथे जिवाचीही गोष्ट आहे. २८०० व्होल्टवर २५ मायक्रोफॅरडमध्ये ९८ ज्यूल ऊर्जा असते आणि ती माणसाचा प्राण घ्यायला पुरेशी आहे. कपॅसिटर हळूहळू रिकामे करणारे ब्लीडर रेझिस्टर हवेतच, पण त्यांच्यावर विसंबू नये. प्लग काढून, वाट पाहून, मीटरने व्होल्टेज मोजून, मग विलग दांड्याला बांधलेल्या अर्थच्या तारेने कपॅसिटर शॉर्ट केल्याशिवाय पेटीत हात घालू नये.

तपासणी

नवा ब्रिज बसवण्याआधी तीन परीक्षा घ्याव्यात, कारण बाजारात मोठा आकडा छापलेले आणि आत लहान सिलिकॉन असलेले ब्रिजही मिळतात. मल्टीमीटरच्या डायोड स्थितीत लाल तार एसी टोकावर आणि काळी धन टोकावर ठेवल्यास अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा. लाल ऋणावर आणि काळी धनावर ठेवल्यास त्याच्या दुप्पट. नंतर १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा एच४ दिवा एकसर जोडून प्रत्येक डायोडमधून पाचेक अँपिअर जाऊ द्यावेत. दर डायोडवर ०.९ व्होल्टच्या आसपास आकडा यावा आणि चारही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. ज्याचा आकडा स्पष्टपणे चढा येतो तो ब्रिज परत करावा. शेवटी मेगर (उच्च व्होल्टेजवर रोध मोजणारा मीटर) उपलब्ध असेल तर सुट्या ब्रिजवर ५०० व्होल्ट लावावेत, मेगरची धन तार धनावर आणि ऋण तार ऋणावर. खोलीच्या तापमानाला ५० मेगओहमपेक्षा कमी वाचन आले तर त्या ब्रिजवर विश्वास ठेवू नये. जोडलेल्या सप्लायवर मेगर कधीही लावू नये, रेग्युलेटर जागच्या जागी जाईल.

बांधणी पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा १०० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डातून वीज द्यावी. बल्ब एकदा लख्ख होऊन मंदावला तर कपॅसिटर भरले आणि शॉर्ट नाही असे समजावे. तो पूर्ण तेजाने जळतच राहिला तर तिथेच थांबावे. त्यानंतर थेट मेन्सवर चार-पाच एच४ दिवे समांतर जोडून २० अँपिअरच्या जवळ भार द्यावा आणि मल्टीमीटरचा तापमानाचा प्रोब ब्रिजच्या आवरणाला लावून अर्धा तास वाचन घ्यावे. दिव्यांचे तंतू थंड असताना खूप जास्त प्रवाह ओढतात, म्हणून ते एकेक करून जोडावेत. आवरण आणि शेजारचा हीटसिंक यांत दहा अंशांहून अधिक फरक दिसला, तर ब्रिज पुन्हा काढून पृष्ठभाग आणि कंपाउंड पाहावे. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला हीच चाचणी पुन्हा करावी आणि थिंबल बोटाने हलवून पाहावेत, अर्थात प्लग काढून आणि कपॅसिटर रिकामे करून.

चालू सप्लायमधला बिघाड ओळखण्याची एक खूण अशी की डायोड उघडा पडला तर रिपल १०० ऐवजी ५० हर्ट्झचा होतो, हमचा स्वर एका सप्तकाने उतरतो आणि पूर्ण शक्तीवर व्होल्टेज कोसळतो. डायोड शॉर्ट झाला, आणि बहुधा तो शॉर्टच होतो, तर फ्यूज उडतो. पण उडण्याआधी काही लहरी फिल्टर कपॅसिटरवर एसी गेलेले असते. तेव्हा नवा ब्रिज लावण्यापूर्वी कपॅसिटरांची टोपी फुगली आहे का, गळती आहे का, हे पाहावे, रेग्युलेटरचे पास ट्रान्झिस्टर शॉर्ट नाहीत याची खात्री करावी, आणि काढलेल्या ब्रिजच्या तळावर कंपाउंडचा ठसा संपूर्ण उमटला होता की एखाद्याच कोपऱ्यात, हे उजेडात धरून पाहावे.